डंबेल आधी तोंडात, मग मैदानावर

मायदेशी श्वानप्रेमींमध्ये एक वाद पुन्हा पुन्हा उकरला जातो. आज्ञापालनाच्या स्पर्धेसाठी फेकलेलं डंबेल (दोन्ही टोकं जाड असलेली, तोंडात धरायची दांडी) आणायला शिकवताना कुत्रा अडून बसला, तर त्याचा कान पिळावा की त्याला खाऊ द्यावा? एक बाजू म्हणते, खाऊवर शिकलेला कुत्रा रिंगमध्ये ऐनवेळी पाठ फिरवतो. दुसरी बाजू 'परदेशात असलं काही करत नाहीत' असा दाखला देते. तो दाखला खरा नाही. इथे अमेरिकेत कान चिमटीत धरायचा आणि कुत्र्याने डंबेल तोंडात घेतलं की सोडायचा, ही पद्धत जुनी आहे आणि अजूनही वापरात आहे.

तरीही कान पिळू नये, असं माझं ठाम मत आहे. दयेचा मुद्दा आहेच, पण अडेलपणामागे बहुधा काहीतरी कारण असतं आणि वेदना ते कारण झाकून टाकते. हिरडी दुखत असेल, दाताचा तुकडा पडला असेल. म्हणून आधी पशुवैद्याला तोंड दाखवा. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात, तेव्हा धरण्याचा आग्रह नकोच. चप्पल उचलली म्हणून लहानपणी ओरडा खाल्लेला कुत्रा वस्तू तोंडात घ्यायलाच बिचकतो. कधी दोष डंबेलचा असतो. दांडी जबड्याच्या रुंदीपेक्षा किंचितच लांब हवी. फार लांब असली की डंबेल एका बाजूला कलतं आणि कुत्रा ते चावत बसतो. टोकं इतकी उंच हवीत की उचलताना हनुवटी जमिनीला घासणार नाही, पण डोळ्यांपुढे आडही येणार नाहीत. सुरुवात लाकडी डंबेलने करा. धातू गार लागतो, म्हणून पुढे धातूच्या दांडीला कापड गुंडाळून रोज थोडं थोडं कमी करत न्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी डंबेल फेकणं. शिकवायचं उलट्या क्रमाने. डंबेल हातात धरा. नाक लावलं, क्लिक (अंगठ्याने दाबायच्या क्लिकर नावाच्या छोट्या यंत्राचा 'टक' आवाज, म्हणजे 'बरोबर' अशी खूण), खाऊ. मग फक्त तोंड उघडून दांडी धरली तरच क्लिक. मग एक सेकंद, दोन, पाच. क्लिक नेमका पकड स्थिर असताना व्हायला हवा. सुटताना केला तर कुत्रा सोडायला शिकतो, चघळताना केला तर चघळायला. चघळण्याचं खापर कुत्र्याच्या स्वभावावर फोडतात, पण बहुतेक वेळा उशीर हँडलरच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, अंगठ्याचा असतो. दहापैकी आठ वेळा जमलं तरच पुढची पायरी. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत.

मग हात हळूहळू खाली, शेवटी डंबेल जमिनीवर. उचलून एक पाऊल, समोर बसणं, 'सोड'. हे पक्कं झालं की मग फेक. कुत्रा घेऊन पळाला तर मागे धावू नका. त्याच्यासाठी तो खेळ होतो. स्वतः उलट दिशेला पळा. आज्ञेआधीच सुटत असेल, तर दहा वेळा फेका आणि तीन-चार वेळाच पाठवा. बाकीच्या वेळी डंबेल तुम्हीच उचलून आणा.

अमेरिकन केनेल क्लबच्या आज्ञापालन स्पर्धांमध्ये 'ओपन' नावाच्या वर्गात सपाट जागेवरच्या या प्रकाराला 200 पैकी 20 गुण असतात, फेक किमान 20 फूट लागते. आज्ञेआधी निघाला किंवा पहिल्या आज्ञेवर गेलाच नाही, तर तिथेच नापास. चघळलं, टाकलं तर गुण कापतात. म्हणजे रिंगमध्ये गुण जातात ते पकड आणि थांबणं कच्चं राहिल्यामुळे, आणि ही दोन्ही कामं फेकीच्या आधीची आहेत. कान पिळणाऱ्यांचा 'खात्रीचा' मुद्दा मला म्हणूनच पटत नाही.

देशी कुत्र्याला हे जमायचं नाही, असंही मायदेशी सर्रास ऐकू येतं. इथल्या या स्पर्धा मिश्र जातीच्या कुत्र्यांना 2010 पासून खुल्या आहेत. लॅब्रॅडॉरला वस्तू आणण्याची हौस उपजत असते, हे खरं. पण ज्याला ती नाही, त्याच्यासाठी पायऱ्या याच. फक्त हातातून जमिनीपर्यंतचा टप्पा काही आठवडे जास्त घेईल.