चौघांनी नाव विचारलं तर चारदा सांगा

‘ऑपरेशनला जाण्यापूर्वी हे वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. खाली ‘एका निवृत्त डॉक्टरांचा अनुभव’ असं लिहिलंय, डॉक्टरांचं नाव मात्र कुठेच नाही. परवा तो माझ्या मावशीकडे पोहोचला. पुढच्या आठवड्यात तिचा डावा गुडघा बदलायचाय आणि मेसेजमधलं सगळं तिने मनावर घेतलंय. म्हणून हे लिहितेय.

पहिला दावा: ‘नाव काय, ऑपरेशन कशाचं, असं चार-चार जण विचारायला लागले तर हॉस्पिटलमध्ये गोंधळ आहे असं समजा. एकदाच सांगा.’

अहो, गोंधळ होऊ नये म्हणूनच विचारतात! फाईल हातात असते, पण ती फाईल त्याच पेशंटची आहे कशावरून? एका वॉर्डात दोन सुनंदा असतात. ‘सुनंदाताई ना?’ असं विचारलं की गुंगीतला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. म्हणून नाव पेशंटच्याच तोंडून यायला हवं, आणि कुठल्या बाजूचं ऑपरेशन तेही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली यासाठी १९ कलमांची यादी काढली. ती तीन वेळा वाचायची: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंटला ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) हलवण्याआधी. शेवटच्या खेपेला मॉप (रक्त टिपायची कापडं), सुया, हत्यारं मोजून पुरी भरली का, हे सिस्टर मोठ्याने सांगतात. या कामात पुढे होते सर्जन अतुल गवांदे. त्यांच्या वडिलांचं गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. दिल्ली, मनिला, टोरांटो, लंडन, टांझानियातलं इफाकारा अशा आठ ठिकाणच्या आठ हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली. यादीच्या आधीचे ३,७३३ पेशंट आणि नंतरचे ३,९५५. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, मोठ्या गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. २००९ साली हे छापून आलंय.

मेसेज म्हणतो, ‘ही नुसती कागदपत्रं.’ यात थोडं तथ्य आहे, मान्य. कॅनडात ऑन्टारियोमध्ये ही यादी सक्तीची केली, तेव्हा १०१ हॉस्पिटलांच्या आकड्यांत मृत्यू लक्षणीय घटलेले दिसले नाहीत. कोपऱ्यात बसून कुणी एकाने पटापट टिका मारल्या तर काही उपयोग नाही. पण मग यादी नीट वाचा म्हणून आग्रह धरायचा, की पेशंटलाच गप्प बसायला सांगायचं?

दुसरा दावा: ‘पायावर पेनने केलेली खूण पुसून टाका, शाई रक्तात जाते.’ खूण कातडीवर असते, रक्तात काहीही जात नाही. ओटीत पेशंट अंगभर कापडाखाली असतो, दिसतो तो एक गुडघा. एक्स-रे उलटा लावला की डाव्याचा उजवा होतो. तिथे ती खूण हा शेवटचा पुरावा असतो. पेशंट जागा असताना, त्याला विचारून केलेला. ती पुसली गेली तर सिस्टरना सांगून पुन्हा करून घ्या.

आता ज्या ओळीने माझं डोकं फिरलं ती: ‘उपाशी ठेवणं ही जुनी पद्धत. अशक्तपणा येऊ नये म्हणून सकाळी गुपचूप कपभर चहा घ्या. कमरेत इंजेक्शन असेल तर खाल्लं तरी चालतं.’

हे जिवाशी खेळणं आहे. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याची ताकद जाते. पोटातलं वर आलं तर ते सरळ फुफ्फुसात उतरतं आणि माणूस दगावू शकतो. कमरेतली भूल कधी अपुरी पडते, मग आयत्या वेळी पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून तिथेही पोट रिकामंच हवं. सर्वसाधारण नियम असा: हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपकट असेल तर त्याहून आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात नाही, खाण्यात मोजतात. शुगर, ॲसिडिटीचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील, ते ऐकायचं. आणि चुकून चहा घेतलाच तर लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकलतील, ढकलू दे.

‘आधीचं अँटिबायोटिक फक्त बिलासाठी’: नाही. गुडघा बदलताना चीर देण्याआधी तासाभरात ते द्यायचंच असतं. ‘ब्लेडने केस काढू देऊ नका’: हे मात्र बरोबर आहे. ब्लेडने बारीक जखमा होतात; केस काढायलाच लागले तर क्लिपर (केस कापायचं छोटं मशीन) वापरा, असं २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी त्याच ग्रुपवर निदान चहाची ओळ चुकीची आहे एवढं आजच लिहावं. उद्या सकाळी कुणाचं ऑपरेशन असेल, तर तो आज रात्री तो मेसेज वाचतोय.