कोरियन बागेला म्हणे माणसाचा हात लागत नाही

गेले काही महिने एक मजकूर फिरतोय. कोरियन मालिकांच्या नादाने सोलची तिकिटं काढणाऱ्यांच्या गटांत तर तो हमखास येतो, सोबत शरदातल्या लाल-पिवळ्या पानांचे फोटो. मजकूर साधारण असा: "चीनने बाग बांधली, जपानने कातरली, कोरियाने मात्र निसर्गाला हातही लावला नाही. डोंगर नि ओढा होता तसा ठेवला, कडेला एक मंडप उभारला आणि ध्यानाला बसले. अंगण रिकामं, कारण शून्य हेच सत्य. राजाची 'गुप्त बाग' आणि तीन महान बागा एकदा तरी पाहाच." खाली कुणीतरी पुस्ती जोडलेली असते: "म्हणजे चीनची नक्कल आणि जपानची कच्ची प्रत."

वरची स्तुती आणि खालची टवाळी एकाच ठिकाणी चुकतात. दोन्हींतून माणूस गायब आहे. कुणी खणलं, कुणी पाणी वळवलं, कुणाचा कुणावर राग होता, यातलं काहीच नाही. एकेक वाक्य घेऊ.

"निसर्गाला हातही लावला नाही."

सोलच्या चांगदोकगुंग राजवाड्यामागे सुमारे 78 एकरांची राजबाग आहे. तिच्यातलं सगळ्यात जास्त फोटो निघणारं तळं म्हणजे बुयोंगजी. ते चौकोनी आहे. घडीव दगडांनी बांधलेले सरळ काठ, काटकोनात मिळणारे कोपरे आणि मधोमध गोल बेट. आकाश गोल, पृथ्वी चौकोनी ही जुनी कल्पना तिथे जशीच्या तशी दगडात उतरवली आहे. ओढ्याने असं तळं कधी कोरलेलं ऐकलंय का? चीनच्या सूचौमधल्या बागांत तळ्याचे काठ वाकडेतिकडे असतात, जपानी बागेतलं तळंही बहुधा नागमोडी असतं. तिघांत सरळ रेघ ओढायला सर्वांत कमी लाजणारा कोरियनच. आणि 'हात लावला नाही' हे बिरुद त्याच्याच गळ्यात!

आता सोस्वेवोन. नैऋत्य कोरियात दाम्यांगजवळ बांबूच्या बनात लपलेली ही बाग एकरभराच्या आसपासची. मजकुरासोबत हिचा फोटो असतोच, कारण पहिल्या नजरेला इथे खरंच काही केल्यासारखं वाटत नाही. खडकावरून घसरणारा ओढा, वर एक घर, खाली एक मंडप, बस. पण 1755 सालचं एक लाकडी ठशाचं चित्र उपलब्ध आहे आणि त्याच्याही दोनशे वर्षं आधी, 1548 मध्ये, किम इन-हू या विद्वानाने या बागेवर अठ्ठेचाळीस कविता लिहून ठेवल्यात. चित्र आणि कविता शेजारी ठेवल्या की हिशेब लागतो. ओंडका पोखरून केलेली पन्हळ ओढ्याचं पाणी उचलते आणि लहानशा चौकोनी तळ्यांना पुरवते. वर एक, खाली एक अशी दोन तळी. पाण्याच्या जोरावर उचलून आपटणारं उखळही होतं. म्हणजे एकाच ओढ्याच्या दोन वाटा: एक आपल्या मर्जीने खडकावरून जाणारी, दुसरी मालकाने सांगितलेल्या वाटेने.

आणि ती भिंत. बागेच्या वरच्या अंगाने मातीदगडांची कौलारू कुंपणभिंत येते. ओढा आडवा आला की भिंत थांबत नाही आणि ओढाही थांबत नाही. दगडांची चळत रचून तिच्यावर भिंत पेललेली आहे, खालून पाणी वाहतं. कोरियन बागेबद्दल एकच गोष्ट दाखवायची झाली तर मी हीच दाखवीन. ओढ्याला धक्का न लावता भिंत पुढे न्यायची तर पुराचं पाणी किती चढतं, चळतीवर भार किती येतो, हे सगळं पाहावं लागतं. कमी दिसावं म्हणून जास्त काम करावं लागलं आहे. याला 'हात न लावणं' म्हणणं म्हणजे उत्तम शिवलेल्या कपड्याची शिवण दिसत नाही म्हणून तो शिवलाच नाही म्हणण्यासारखं.

आणखी मागे जायचं तर सिल्ला राज्याची राजधानी ग्योंगजू. राजा मुनमूने 674 मध्ये तिथे तळं खणवलं, टेकड्या रचल्या, फुलझाडं लावली, दुर्मिळ पक्षी आणि प्राणी पाळले, अशी नोंदच आहे. आज त्याला वोल्जी म्हणतात. 1975-76 मध्ये गाळ काढून उत्खनन झालं तेव्हा तळ्याची सगळी यंत्रणा उघडी पडली: येणारं पाणी आधी दगडी कुंडांतून जातं, मग तळ्यात पडतं, दुसऱ्या टोकाला पातळी सांभाळायला लाकडी बुचं. पश्चिमेचा काठ सरळ, पूर्वेचा इतका वळणावळणाचा की कुठेही उभं राहिलं तरी अख्खं तळं एका नजरेत मावत नाही. समुद्र वाटावा म्हणून केलेली ही युक्ती. तळं छोटंच आहे.

सोलच्याच ग्योंगबोकगुंग राजवाड्यातल्या राणीच्या महालामागचा 'आमिसान' हा डोंगरही माणसाने केलेला. शेजारचं ग्योंगह्वेरूचं तळं खणताना निघालेली माती तिथे टाकली असं मानतात. पायऱ्यापायऱ्यांचे दगडी बांध, त्यांवर फुलझाडं, आणि मधूनच उगवलेली चार षट्कोनी धुराडी. महालाच्या जमिनीखालून फिरवलेल्या उष्ण हवेचा धूर भुयारातून बागेत आणून सोडलेला. अशा पायऱ्यांच्या बागेला 'ह्वाग्ये' म्हणतात. घर नेहमी डोंगराला पाठ देऊन बांधायचं, मग मागचा उतार खचू नये म्हणून बांध घालावेच लागतात. घातलेच आहेत तर फुलं का नकोत?

"चीनची नक्कल, जपानची कच्ची प्रत."

अर्धं कबूल. चौकोनी पृथ्वीची कल्पना चीनची, तळ्यातली तीन बेटं म्हणजे अमर लोकांचे तीन पर्वत ही ताओवादी कथाही चीनची, आणि सोस्वेवोनमधल्या दोन वास्तूंची नावं, 'उजळ वारा' आणि 'निरभ्र चंद्र', एका चिनी कवीने चौ तुन-यी या तत्त्वज्ञाचं जे वर्णन केलं होतं त्यातून उचललेली. कोरियन पंडित हे लपवत नव्हते, उलट मिरवत होते. पण घेतलेलं सगळं सारखं वापरलं नाही. चिनी बागेत भोकंभोकं पडलेले चित्रविचित्र खडक आणून उभे करायची हौस दांडगी. कोरियात ग्रॅनाइट जागच्या जागीच पुष्कळ, त्यामुळे खडक आणण्यापेक्षा खडकापाशी जायचं, असा कल पडला.

जपानची कच्ची प्रत हे मात्र उलटंच. बेक्जे या जुन्या कोरियन राज्याच्या राजा मूने 634 मध्ये राजवाड्याच्या दक्षिणेला तळं खणून वीस ली, म्हणजे सात-आठ किलोमीटरांवरून पाणी आणलं, काठाने विलोची झाडं लावली, मध्ये बेट केलं. त्याच्याही आधीची एक गोष्ट 720 मध्ये पुऱ्या झालेल्या जपानच्या राजबखरीतच आहे. 612 साली बेक्जेहून एक माणूस जपानला पोचला. अंगावर पांढरे डाग होते, म्हणून लोक त्याला एखाद्या बेटावर सोडून द्यायला निघाले. तो म्हणाला, मला डोंगर रचता येतात, ठेवून घ्या, उपयोगी पडेन. ठेवून घेतलं. त्याने राजवाड्याच्या दक्षिण अंगणात सुमेरू पर्वत आणि चिनी धाटणीचा पूल उभारला. आपल्या पुराणांतला मेरू बौद्ध धर्माबरोबर फिरत फिरत कोरियन कारागिराच्या हातून जपानी अंगणात असा उतरला. आता यातली नक्कल कुणाची आणि मूळ कुणाचं, हे पुस्ती जोडणाऱ्याने ठरवावं.

"मंडप उभारला आणि ध्यानाला बसले."

वोल्जीच्या गाळातून एका जुन्या नावेबरोबर एक लाकडी फासाही निघाला. चौदा पैलूंचा. प्रत्येक पैलूवर शिक्षा कोरलेली: तीन पेले एकदम रिचव, गाण्याविना नाच, सगळे नाकावर मारतील ते सोस. ध्यान काय रंगत असेल याची कल्पना यावरून करा. (मूळ फासा राहिला नाही, तो वाळवताना जळाला. आता दिसते ती प्रतिकृती.)

राजबागेतही काही वेगळं नव्हतं. अठराव्या शतकाच्या शेवटी राजा जोंगजो बुयोंगजीवर दरबाऱ्यांना घेऊन मासे धरायला आणि कविता करायला बसायचा. वेळेत कविता न जमलेल्याला मधल्या बेटावर 'हद्दपार' करायचा, असं सांगतात. समोर उतारावर त्याने 1776 मध्ये ग्रंथालय बांधलं. तिथे चढून जायच्या दाराचं नाव 'मासा-पाणी दार': प्रजा मासा, राजा पाणी. मधली उंच कमान राजाची, बाजूच्या दोन इतक्या बुटक्या की अधिकाऱ्यांना वाकूनच जावं लागे. बागेचं असलं राजकारण पाटीवर लिहिण्यापेक्षा चांगलं समजतं, कंबर लगेच सांगते.

सोस्वेवोन तर सरळसरळ राजकारणातूनच जन्मली. जो ग्वांग-जो हा तरुण सुधारक दरबारात वर चढला, त्याने जुन्या सरदारांची फुकटची पदं काढायला घेतली, आणि 1519 मध्ये त्याच्या गटाचा काटा काढला गेला. त्याला आधी हद्दपार केलं, मग विष पाजलं. त्याचा शिष्य यांग सान-बो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. तो गावी परतला, पुन्हा दरबाराचं तोंड पाहिलं नाही आणि बाग करत बसला. आत शिरताच लागणाऱ्या छोट्या गवती मंडपाचं नाव 'फिनिक्सची वाट पाहण्याची जागा'. हा पुराणपक्षी म्हणे चांगला राजा आला की उतरतो, पॉलोनियाच्या झाडावर बसतो, बांबूचं बी खातो. मंडपाशेजारी पॉलोनिया, भोवती बांबू. पाहुण्याला काय म्हणायचंय ते दारातच कळायचं, आणि कुणी राजद्रोहाचा आरोप केलाच तर, छे हो, झाडं आहेत ती.

राजबागेच्या अगदी आतल्या टोकाला, ओंगन्युचोनच्या ओढ्याकाठी, राजा इंजोने 1636 मध्ये मोठा खडक कोरून वळणदार पाट काढला. पाण्यावर पेला सोडायचा आणि तो आपल्यापाशी येईतो कविता पुरी करायची. त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तरेकडून मांचू लोकांचं सैन्य चालून आलं. राजा डोंगरी किल्ल्यात पळाला आणि 1637 च्या आरंभी बाहेर येऊन त्याने विजेत्यापुढे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा डोकं जमिनीला लावलं. ही बातमी ऐकून युन सोन-दो हा कवी उबगून समुद्रमार्गे निघाला आणि बोगिल बेटावर थांबला. तिथली त्याची प्रसिद्ध बाग या शरणागतीचीच दुसरी बाजू. राजबागेतल्या त्या ओंगन्युचोनच्या खडकावर पुढे राजा सुकजोंगने कविता कोरवली: तीनशे फुटांवरून नवव्या स्वर्गातून धारा कोसळते म्हणे. प्रत्यक्षात पाणी पडतं ते हातभर. राजकवींची ही खोड आपल्याला नवी नाही.

तिथेच शेजारी भाताचं खाचर आहे. राजा स्वतः लावणी करी आणि कापणीनंतर पेंढ्याने मंडप शाकारला जाई. राजवाड्यातला एवढाच एक मंडप गवती.

"अंगण रिकामं, कारण शून्य हेच सत्य."

हे वाक्य वाचून कोरियातली एखादी म्हातारी हसेल. 'मादांग' म्हणजे अंगण. तिथे मळणी होते, मिरच्या वाळतात, लग्न लागतं, प्रेतयात्रा निघते. झाडं लावून मांडव कुठे घालणार? शिवाय चौकटीत झाड काढलं की चिनी लिपीत 'संकट' हे अक्षर होतं, म्हणून अंगणाच्या मध्यावर झाड नको, असंही मानत. खरी गंमत उजेडाची आणि वाऱ्याची. अंगणात ग्रॅनाइटचा फिकट मुरूम टाकतात. कोरियन घराची वळचण खोल, आत अंधार. मुरमावर पडलेलं ऊन उलटून छताखाली शिरतं आणि खोल्या उजळतात. उन्हाळ्यात तेच अंगण तापतं, हवा वर उठते, आणि मागच्या झाडीतला गारवा लाकडी ओसरीतून पुढे खेचला जातो. झाडी मागे, रिकामेपण पुढे, मधे माणूस बसलेला. शून्याचा संबंध असलाच तर पंख्याच्या बिलाशी.

"राजाची गुप्त बाग."

जोसोन राजघराण्याच्या काळी चांगदोकगुंगमागच्या बागेला बहुतेक 'हुवोन', म्हणजे परसबाग, म्हणत. 'बिवोन', गुप्त बाग, हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आलं आणि कोरियावरच्या जपानी राजवटीत रुळलं. त्याच सुमारास, 1909 मध्ये, शेजारच्या चांगग्योंगगुंग राजवाड्यात प्राणिसंग्रहालय उघडलं, चेरीची झाडं लावली, 1911 मध्ये त्याच्या नावातून 'राजवाडा' हा शब्दच काढून टाकला. ते प्राणी आणि चेरी तिथून हलायला 1980 चं दशक उजाडलं.

राहिल्या "तीन महान बागा". या यादीत सोस्वेवोन आणि बोगिल बेट यांच्याबरोबर सोलमधल्या सोंगनागवोनचं नाव अनेकदा येतं. 2019 मध्ये ती तात्पुरती लोकांना खुली झाली तेव्हा झुंबड उडाली. एकोणिसाव्या शतकातल्या सिम सांग-उंग नावाच्या मंत्र्याची ती बाग, असं सरकारी नोंदीतही होतं. मग कुणीतरी दप्तरं चाळली. त्या नावाचा तसा मंत्री सापडेना. धागा निघाला तो एका राजखोजाकडे, ह्वांग युन-म्योंगकडे. 2020 मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून दिलेला जुना दर्जा रद्द झाला आणि 'सोंगबुकदोंगचं बागघर' अशा साध्या नावाने तीच जागा पुन्हा नोंदवली गेली. झरा आणि कोरीव खडक जागच्या जागी आहेत. फिरत्या मजकुरात मात्र अजून मंत्रीच आहे.