एकावर एक दोन नरांच्या पेडेस्टलबद्दलच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू सावकाश वाचला. तुमच्या दोन व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) नर हरणांची कातडी चढवून मी बनवलेलं पेडेस्टल, म्हणजे बैठकीवर एकावर एक उभं राहणारं माउंट, एकसंध न येता दोन भागांत आलं आणि बोल्ट आवळून उभं करावं लागलं, दोघांच्या मध्ये केसांऐवजी लाकडाचा ओंडका दिसतो, वरचा नर मधोमध नाही, खालच्याचे डोळे वाकडे बसवलेत आणि हात लागला की सगळं हलतं, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन हरणं तुमच्यासाठी किती मोलाची आहेत याची मला कल्पना आहे, म्हणून उत्तर थोडं लांबलं तरी चालेल.

आधी सांध्याचं बोलतो, कारण या प्रकारच्या कामात सगळं त्यावरच उभं असतं. फोमचे दोन फॉर्म, म्हणजे कातडीच्या आतले हरणाच्या आकाराचे सांगाडे, आधीच चिकटवून दोन्ही कातड्या एकमेकींना शिवता येतात. नवं असताना ते काम फार देखणं दिसतं. पण कमावलेली कातडी फॉर्मवर चढवताना ओली असते. पेस्ट लावून, टाके घालून, पिना टोचून बसवली की पुढचे दोन-तीन आठवडे ती सुकत राहते आणि सुकताना आकसते. एकट्या हरणाची कातडी कुठे ओढ घेणार हे आम्हाला ठाऊक असतं: ओठ, नाकपुड्या, डोळ्यांचे कोपरे, कानांचं बूड. तिथे रोज हात फिरवून ती दाबून ठेवता येते. दोन कातड्या एका शिवणीत अडकल्या की एक वर ओढते, दुसरी खाली, आणि मधल्या खोलगट जागेत कातडी फोम सोडून उचलली जाते. याला ड्रमिंग म्हणतात. ते दुरुस्त करायचं तर ती जागा पुन्हा ओली करून चिकटवावी लागते, आणि दोन फॉर्मच्या त्या बेचक्यात बोटसुद्धा शिरत नाही.

म्हणून मी दोन्ही नर वेगवेगळे पूर्ण करतो. पूर्ण सुकवायचे, डोळ्या-नाकाभोवतीच्या बारीक फटी इपॉक्सी पुट्टीने भरायच्या, एअरब्रशने रंग द्यायचा, केस विंचरायचे आणि मगच जोडायचे. कातडीची सगळी ओढ संपल्यानंतर जोडलेला सांधा उघडत नाही. शिवाय पसरलेल्या शिंगांचे दोन नर एकत्र जोडलेले असते तर दारातून आत नेताना एखादं टोक हमखास मोडलं असतं.

आता ओंडका. पेडेस्टल चारही बाजूंनी दिसतं, त्यामुळे त्याला भिंतीवरच्या शोल्डर माउंटपेक्षा (डोक्यापासून खांद्यापर्यंतच्या माउंटपेक्षा) बरीच लांब कातडी लागते, साधारण बरगड्यांच्या मध्यापर्यंत. तुमच्या एका नराची कातडी खांद्यालगतच कापून आली होती, आणि त्याच्या मागच्या बाजूला केस येणार नाहीत हे काम घेतानाच बोललो होतो. तो नर मी खाली घेतला, म्हणजे त्याची आखूड कड सांध्यात जाईल. तिथे दुसऱ्या कातडीचा तुकडा जोडता आला असता, पण केसांची दिशा आणि रंग जुळला नाही की ते ठिगळ लांबूनही ओळखू येतं. कोरड्या ओंडक्याने कड झाकली जाते, आतली लोखंडी पट्टीही झाकली जाते, आणि ते लाकूड हरणांच्या जंगलातलंच वाटतं. मला विचाराल तर या माउंटची ती सर्वात चांगली बाजू आहे.

वरचा नर मधोमध का नाही? कातडी चढवण्याआधी दोन्ही उघड्या फॉर्मवर शिंगं स्क्रूने बसवून सगळा डोलारा एकदा रचून पाहतात. त्यात दिसलं की वरचा बरोबर मध्ये घेतला तर खालच्याच्या शिंगांची टोकं त्याच्या छातीत रुततात. वरून हिवाळी केसांची जाडी धरावी लागते, म्हणजे आणखी इंचभर जागा हवी. वजनाचाही प्रश्न असतो. फोम हलका, पण शिंगं आणि कवटीचा तुकडा जड, आणि ते सगळं वजन पुढे झुकलेलं. एक डोकं डावीकडे, दुसरं उजवीकडे वळवलं की तोल बैठकीच्या मध्यावर येतो. दोघांनाही एका दिशेला पाहायला लावलं असतं तर ते पेडेस्टल तुमच्या घरात मी ठेवलंच नसतं.

डोळ्यांबद्दल तुमची नजर तीक्ष्ण आहे, पण ते मुद्दाम तसे आहेत. हरणाची बाहुली आडवी असते. शेळी, मेंढी, घोडा असे चरणारे प्राणी मान खाली घालतात तेव्हा त्यांचा डोळा खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीला जवळपास समांतर राहते. तुमचा खालचा नर मान झुकवून पुढे सरकतोय. त्याची बाहुली नाकाच्या रेषेत बसवली असती तर तो मेलेला दिसला असता. खोलीच्या दाराशी उभं राहून, फक्त चेहरा न बघता पूर्ण शरीर एकदम बघा.

हलण्याचं मात्र लगेच बघायला हवं. फोममध्ये स्क्रू धरत नाही, म्हणून वरच्या नराचा भार फॉर्ममध्ये बसवलेल्या प्लायवूडमधून थ्रेडेड रॉडवर (आटे पाडलेल्या सळईवर) आणि तिथून बैठकीत जातो. कोरड्या, तापवलेल्या खोलीत लाकूड किंचित आकसतं आणि रॉडचा नट ढिला पडतो. मागच्या फळीचे स्क्रू काढले की तो नट समोरच दिसेल. डब्यातल्या पान्याने वॉशर हलेनासा होईपर्यंत आवळा, त्याहून जास्त नको. आवळताना कोणाला तरी वरच्या नराला छातीखाली आधार द्यायला सांगा, शिंगांना धरून नाही. बैठक जाड गालिच्यावर असेल तर तीही तपासा, खालचे पाय फिरवून लेव्हल करता येतात.

एवढं करूनही हललं तर मी स्वतः येऊन बसवून देईन, त्याचे पैसे नाहीत. ओंडक्याचा रंग डोळ्यांना खुपत असेल तर दिवसाच्या उजेडात मागच्या बाजूचा फोटो पाठवा, त्याच भेटीत रंगही जुळवून देतो.