अकरा नटांचं एकत्र कुटुंब

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात अॅम्बेसेडरचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत चार सल्लागार हजर. पहिला गार इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण काढतो, सेल्फ मारायला लावतो, पाण्यातले बुडबुडे बघतो आणि निकाल देतो, "काका, गॅस्केट गयुं!" दुसरा ऑइलचं झाकण उलटं करून आतली कॉफीसारखी साय दाखवतो. मग सगळे मिळून गॅस्केटच्या नावानं बोटं मोडतात.

माझं मत वेगळं आहे. गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारा पातळ थर, हा दोन मालकांच्या मधला भाडेकरू. वर हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण; खाली ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचं धड. त्यांचं पटेनासं झालं की गळती त्याच्या खोलीत.

त्यामुळे नवं गॅस्केट आणण्याआधी ब्लॉकमधली स्टडची भोकं बघावीत; स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट. 1489 सीसीच्या या इंजिनाचं हेड अकरा स्टडवर बसतं. स्टड तीन सुती, म्हणजे 3/8 इंची. ब्लॉकमध्ये जाणारं टोक जाड आट्यांचं, नटाकडचं बारीक. नटाला पाना 9/16 इंची लागतो. 14 मिमीचा चढत नाही, आणि 15 चा इतका प्रेमानं चढतो की नटाचे कोपरे गोल करूनच उतरतो.

जुना स्टड काढायला त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट करायचे आणि खालच्या नटाला उलटा पाना लावायचा. पाइप पान्यानं धरलेल्या स्टडवर दातांचे वण राहतात. तो पुन्हा वापरू नये.

आता भोकाभोवती बोट फिरवा. वर्षानुवर्षं स्टडनं वर ओढल्यामुळे ब्लॉकच्या सपाटीला तिथं टेंगूळ येतं. नवं कोरं गॅस्केट त्या टेंगळावर टेकतं आणि बाजूला फट राहते. झालं, बुडबुडे परत! भोकाच्या तोंडाला थोडी उतरती कड द्यावी, सपाटी दगडानं घासावी. आटे साफ करायला नवा कापणारा टॅप घालू नये, तो धातू खातो; जुन्याच स्टडच्या आट्यांना उभी खाच पाडून फिरवला की पुरे. मग हवा मारून भोक कोरडं करायचं. बंद भोकात ऑइल राहिलं तर आत जाणारा स्टड पिचकारीच्या दट्ट्यासारखा वागतो. ऑइल दबत नाही, मग ब्लॉक तडकतो.

नवा स्टड बोटांनी फिरवून तळाला टेकेपर्यंतच घालायचा. त्याला ताण द्यायचं काम नटाचं. भोक पाण्याच्या जाकिटात, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, उघडत असेल तर खालच्या आट्यांना सीलंट हवं, नाहीतर पाणी स्टडच्या अंगानं वर चढतं आणि आळ पुन्हा भाडेकरूवर.

हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून 0.05 मिमीची फीलर पाती सरकवून बघावी. गेली तर हेड फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला. पद्मिनी गाडीवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं: तिचं हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, तापल्यावर दोघं सारखे पसरत नाहीत. त्यात मे महिन्यातला अलकापुरीचा ट्रॅफिक!

नट मधून बाहेर, गोलगोल, तीन फेऱ्यांत आवळायचे. आपल्या इंजिनाच्या पुस्तकात आवळण्याचा जोर 40 पौंड-फूट लिहिला असेल तर 15, 30, 40 असं चढत जायचं. आटे आणि वायसर यांना ऑइलचं बोट लावायचं. "हाताला कळतं" म्हणणाऱ्याच्या हातात टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजणारा पाना, देऊन आकडा बघावा, गंमत असते.

इंजिन तापवून रात्रभर गार होऊ द्यायचं, मग एकेक नट किंचित सैल करून त्याच क्रमानं पुन्हा आवळायचा. हेड थोडं खाली बसलेलं असतं, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरची, फट कमी होते, तीही परत लावायची.

2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलासच्या आवारात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. अशा ठिकाणी लोक क्रोम बघतात; आम्ही मेले इंजिनाखालचं गवत बघतो, ऑइल गळलंय का ते.

बहुतेकांची फजिती मात्र पुढे होते. या अकरांतले चार नट रॉकरचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचे, ठोकळेही धरून ठेवतात. रॉकर शाफ्ट काढायला कुणी तेवढेच चार सोडले की हेड एका बाजूनं ताणलं जातं, गॅस्केटची पकड सुटते आणि पाणी ऑइलमध्ये. आधी पाणी काढून अकराही नट क्रमानं थोडे थोडे सैल करावेत.

हे ऐकून तिसरा सल्लागार सेव-उसळ खायला निघून जातो. चौथा घरी गेलेला असतो. तो परत येतो तेव्हा त्याच्या हातात पान्याला जोडायला तीन फुटी पाइप असतो.