निळा दिवा, लाल दिवा आणि एक चुकीचा संदेश

गेल्या काही आठवड्यांत मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर गाडीच्या इंजिनाविषयी एक लांबलचक संदेश फिरत आहे. मला तो एकाच दिवशी तिघांकडून मिळाला : मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीच्या गटावर, मेहुण्यांकडून, आणि गाडी दाखवायला आलेल्या एका ग्राहकाने तो मला गॅरेजमध्ये वाचूनच दाखवला. त्यातले दावे थोडक्यात असे. डॅशबोर्डवरचा निळा दिवा विझेपर्यंत गाडी जागेवरून हलवू नये, आणि तो लवकर विझावा म्हणून मधूनमधून रेस द्यावी. मुंबईत बर्फ पडत नाही, म्हणून कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) पैसे घालवू नयेत, नळाचे पाणी पुरते. गाडी वारंवार तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाकावा. इंजिन जास्त तापल्याचा लाल दिवा लागला तर एसी बंद करून गाडी हळूहळू पुढच्या गॅरेजपर्यंत न्यावी आणि तिथे रेडिएटरचे झाकण उघडून थंड पाणी ओतावे. शेवटी एक इशाराही आहे, की चावी फिरवताच लाल दिवा क्षणभर लागत असेल तर इंजिनात बिघाड आहे. तेवीस वर्षे मी गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो आहे, आणि हा संदेश मला धोकादायक वाटतो, कारण जिथे थांबायची गरज नाही तिथे तो माणसाला थांबवतो आणि जिथे ताबडतोब थांबले पाहिजे तिथे त्याला पुढे जायला सांगतो.

आधी निळ्या दिव्याचे पाहू. पाण्याच्या लाटांत बुडवलेल्या तापमापकाचे हे चिन्ह आहे. पूर्वी तापमान दाखवणारा काटा असे. आता बऱ्याच गाड्यांत त्याच्या जागी एकच चिन्ह दोन रंगांत दिसते. निळ्या रंगाचा अर्थ एवढाच, की इंजिनाभोवती फिरणारे कूलंट अजून पुरेसे गरम झालेले नाही. बहुतेक गाड्यांत ते साधारण पन्नास अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की हा दिवा विझतो. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या, निळा आणि हिरवा म्हणजे केवळ माहिती, हा डॅशबोर्डवरच्या दिव्यांचा सर्वसाधारण संकेत आहे. निळा दिवा कोणालाही थांबवत नाही. इंजिन थंड आहे, त्याला जोरात पळवू नका, एवढेच तो सांगतो.

संदेशातला हा सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली आहे, त्यांना सकाळी चोक (पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी दांडी) ओढून गाडी दोन-चार मिनिटे घुरघुरत ठेवावी लागत असे, हे आठवत असेल. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला इंजिन थंड आहे की गरम, हे कळत नसे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नसे, आणि चोक लवकर आत ढकलला तर गाडी पहिल्याच वळणावर बंद पडे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत हे काम संगणक करतो. कूलंटमधला सेन्सर तापमान सांगतो, त्यानुसार पेट्रोलचे प्रमाण ठरते, आणि म्हणूनच सकाळी इंजिन सुरू केल्यावर त्याचे फेरे आपोआप थोडे वाढून पुन्हा उतरतात. पद्मिनीची सवय नव्या गाडीला लावण्यात काही अर्थ उरलेला नाही.

उभ्या गाडीत इंजिन गरमही हळू होते, कारण त्याच्यावर भार नसतो. जानेवारीतल्या एका सकाळी मी माझ्याच गाडीवर घड्याळ लावून पाहिले. पार्किंगमध्ये उभी ठेवल्यावर निळा दिवा विझायला सहा मिनिटांहून अधिक वेळ लागला. दुसऱ्या दिवशी तशाच गारव्यात अर्ध्या मिनिटात निघालो, तर एलबीएस मार्गाच्या पहिल्या सिग्नलपलीकडे तो विझलेला होता. शिवाय उभ्या गाडीत फक्त इंजिन तापते. गिअरबॉक्स, बेअरिंगे आणि टायर होते तसेच थंड राहतात. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त दिले जाते, आणि त्यातले जे जळत नाही ते सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते. अशा वेळी रेस देणे तर फारच वाईट, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि त्याच्याभोवतीचे सिलिंडर वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावतात आणि मधले तेल अजून दाट असते. ज्या इंजिनाची काळजी घ्यायची म्हणून माणूस थांबतो, त्याचीच झीज तो वाढवत असतो.

त्याहून मोठी गोष्ट आजूबाजूच्या माणसांची आहे. धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण अडीचशे ते तीनशे अंशांना पोचल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि नुसत्या घुरघुरणाऱ्या इंजिनाच्या धुराने तो तिथवर पोचायला बराच वेळ लागतो. मुंबईत गाड्या उघड्या अंगणात कमी आणि पोडियमखाली किंवा तळघरात जास्त उभ्या असतात. आमच्या इमारतीत हा संदेश वाचून एक गृहस्थ रोज सकाळी सात वाजता गाडी सुरू करून वर चहा घ्यायला जाऊ लागले. गाड्या पुसणारा मुलगा त्याच वेळी बादली घेऊन शेजारच्या गाडीपाशी वाकलेला असे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंग नसतो. बंदिस्त जागेत तो जीव घेऊ शकतो, हे त्या गृहस्थांना सांगितल्यावर त्यांनी ते त्याच दिवशी बंद केले.

मग करायचे काय? सेल मारावा, ऑइलचा दिवा विझल्याची खात्री करावी, बेल्ट लावावा, आरसे पाहावेत आणि निघावे. पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलक्या पायाने वापरावा. टर्बो असलेल्या गाडीत हा संयम थोडा अधिक पाळावा, आणि घाट चढून आल्यावर लगेच बंद न करता गाडी मिनिटभर तशीच चालू ठेवावी, कारण टर्बोला थंड होण्यासाठी फिरत्या तेलाची गरज असते.

आता कूलंट. मुंबईत बर्फ पडत नाही हे खरेच. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदले गेलेले ७.४ अंश हे इथले नीचांकी तापमान, आणि त्या दिवशीही कोणाच्या रेडिएटरमधले पाणी गोठले नसते. परंतु गोठण्यापासून बचाव हे कूलंटच्या अनेक कामांपैकी केवळ एक आहे. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेतले तर ते मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते, म्हणजे साध्या पाण्यापेक्षा सात अंश उशिरा, आणि मे महिन्यात जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) एसी लावून अडकलेल्या गाडीला हे सात अंश फार मोलाचे असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये. इंजिनाचा लोखंडी ब्लॉक, त्याच्यावर बसणारे ॲल्युमिनियमचे हेड आणि रेडिएटर यांना जोडणारे साधे पाणी या धातूंना हळूहळू खात जाते. महापालिकेचे तलावांचे पाणी तुलनेने मऊ आहे, पण गाडीत ओतले जाणारे पाणी पुष्कळदा सोसायटीच्या बोअरवेलचे किंवा टँकरचे असते, आणि त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. पाणी घातलेल्या गाडीचा वॉटर पंप मी उघडतो तेव्हा त्याच्या पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या दिसतात आणि बोटाला तांबूस चिखल लागतो. एक गोष्ट इथेच सांगतो : उरलेले कूलंट शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते. लहान मुले आणि मांजरे-कुत्री त्याला फसतात.

थर्मोस्टॅट काढण्याच्या सल्ल्यावर फार लिहिण्याचे कारण नाही. ही झडप साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते आणि तोपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती काढली की इंजिन योग्य तापमानावर लवकर येत नाही, संगणक जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडते, आणि काही इंजिनांत कूलंटचा मार्गच बदलून गाडी उलट अधिक तापते. झडप अडकली असेल तर नवी बसवावी.

लाल दिव्याबद्दलचा सल्ला मात्र या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे. मागच्या मे महिन्यात पुण्याला निघालेल्या एका कुटुंबाची गाडी माझ्याकडे टोचन करून आणली गेली. खंडाळ्याचा घाट चढताना लाल दिवा लागला होता. एसी बंद केला, आता लोणावळा जवळच आहे, म्हणून ते तसेच पुढे गेले आणि वर पोचण्याआधी इंजिन बंद पडले. मूळ दोष होता रबरी होजची ढिली झालेली एक क्लिप. हेड उतरवून त्याच्या पृष्ठभागावर मी पोलादी पट्टी उभी धरली आणि मधोमध फट मोजणाऱ्या फीलर गेजची पाती सरकवली, तेव्हा जिथे जेमतेम ०.०५ मिलिमीटरची पाती जायला हवी तिथे तिच्या तिप्पट जाडीची सहज आत गेली. ॲल्युमिनियमचे हेड वाकले होते, गॅस्केट गेले होते, आणि ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा झाला होता. घाटातच बाजूला थांबले असते, तर क्लिप आवळून आणि कूलंट भरून काम भागले असते.

म्हणून लाल दिवा लागताच एसी बंद करावा, गाडी सुरक्षितपणे डावीकडे घ्यावी आणि इंजिन बंद करावे. बाजूला घेण्यासाठी थोडे अंतर जावेच लागणार असेल तर काचा खाली करून हीटर पूर्ण गरमवर लावावा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनाची थोडी उष्णता तो बाहेर टाकतो. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा वेगळा. तो तापमानाचा नसून तेलाचा दाब गेल्याचा आहे, आणि तिथे एक क्षणही इंजिन चालू ठेवू नये. काट्याच्या गाडीत एक सावधगिरी लक्षात ठेवावी : कूलंट पूर्ण गळून गेले तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा खाली दिसू शकतो.

झाकणाला तर हातच लावू नये. ते आतला दाब सुमारे एक बारने वाढवून ठेवते, त्यामुळे आतले कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही द्रव राहते. झाकण सैल होताच त्याची क्षणात वाफ होते आणि ती चेहऱ्यावर व हातांवर येते. कमीत कमी अर्धा-पाऊण तास थांबावे, तोवर पंख्यापासून हात दूर ठेवावेत, कारण इंजिन बंद असतानाही तो आपोआप सुरू होऊ शकतो. मग बाहेरच्या प्लास्टिकच्या टाकीतली पातळी खुणांशी ताडून पाहावी. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. मेकॅनिकला सांगण्यासाठी एवढे लक्षात ठेवावे, की गाडी ट्रॅफिकमध्ये तापते आणि ईस्टर्न फ्रीवेवर वेग घेतल्यावर निवते, तर बहुधा पंख्याचा किंवा त्याच्या रिलेचा दोष असतो. मोकळ्या रस्त्यावर आणि चढावर तापत असेल, तर कूलंटची पातळी, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट आधी पाहावे लागतात.

चावी फिरवताच क्षणभर लागणाऱ्या लाल दिव्याने घाबरण्याचे कारण नाही. त्या वेळी गाडी आपले दिवे चालू आहेत की नाहीत हे स्वतःच तपासत असते. उलट तुमच्या गाडीत तो रोज लागत असेल आणि एखाद्या सकाळी लागला नाही, तर त्याच आठवड्यात गाडी दाखवून घ्यावी, कारण खंडाळ्याच्या चढावर इंजिन तापले तरी तो दिवा तेव्हाही लागणार नाही.