सोडून गेलेल्यांचा हिशेब कोण देणार?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर परत ती गुडघेदुखीच्या गोळीची जाहिरात. 'क्लिनिकल ट्रायलमध्ये सिद्ध' (म्हणजे माणसांवर घेतलेल्या औषधाच्या चाचणीत), आणि टणाटण जिना चढणाऱ्या आजी. अगदी तळाला, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत, 'ट्रायल पूर्ण केलेल्या रुग्णांवर आधारित'. पूर्ण केलेल्या! आणि ज्यांनी मध्येच सोडली ते काय गोदावरीत वाहून गेले?

माझी मावशी त्यांतलीच. गोळी हीच होती असं म्हणत नाही, पण गुडघ्याच्याच औषधाची ट्रायल. पिंपळगावहून एसटीने यायचं, नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उतरून रिक्षा, मग रांग, रक्त, फॉर्म. गोळीने पोटात आग पडायला लागली. त्यात पुढची तारीख आली ऐन द्राक्षकाढणीत. बागेत व्यापारी उभा, मजूर मिळेना, आणि ही गुडघा दाखवायला नाशिकला जाणार? नाही गेली. फोन आला, "आजी, येताय ना?" ही म्हणाली, "नाही जमायचं बाई." पलीकडून "बरं". संपलं. का जमत नाही, एवढं विचारायला किती पैसे पडतात हो?

यावर शहाणे लोक सांगतात की मध्येच सोडणाऱ्यांची गळती आधीच धरलेली असते. ठीक आहे, असते. शेवटी १०० माणसं हवीत आणि २० टक्के गळतील असा अंदाज असेल, तर १२५ घ्यायची. (१२० नव्हे. १२० मधले २० टक्के गेले की ९६च उरतात, करून बघा.) पण याने फक्त आकडा भरून निघतो. जे गेले ते गोळी सोसली नाही म्हणून गेले असतील, तर उरलेले १०० म्हणजे नुसते सोसणारे. त्यांना बरं वाटलं यात नवल ते काय? अवकाळीने तडकलेले मणी काढून टाकायचे, घड पेटीत रचायचे आणि म्हणायचं, यंदा बाग झकास!

आणि गोळ्या नियमित घेणारी माणसं मुळातच वेगळी असतात. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांवर क्लोफायब्रेट नावाच्या औषधाची मोठी ट्रायल झाली होती, १९८० साली त्यातली एक गंमत छापून आली. औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी ज्यांना दिली होती, त्यांतले ती नेमाने घेणारे पाच वर्षांत साधारण १५ टक्के दगावले, आणि टाळाटाळ करणारे २८ टक्के. गोळीत काही नव्हतंच! म्हणून तर नियम असा की ज्याला ज्या गटात घातलं, खऱ्या गोळीच्या की दिखाऊ, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं, त्याने गोळी घेवो न घेवो.

हो, कुणालाही कारण न सांगता ट्रायल सोडता येते, आणि तो हक्क राहायलाच हवा. मान्य. ते फोन करणारे पोरंपोरीही बिचारे पगारी, त्यांच्यावर कशाला चिडू? बहुतेक त्यांच्या यादीत 'का' हा रकानाच नसेल. पण मावशीने काही लपवलं नसतं. तिला विचारलं असतं तर जळजळीपासून व्यापाऱ्यापर्यंत अर्धा तास सांगितलं असतं! एसटीचं भाडं हातावर ठेवलं असतं, तारीख काढणीनंतरची दिली असती, तर ती गेलीही असती.

ग्रुपवर ती जाहिरात ढकलणाऱ्यांनी एक काम करा. आपल्याकडे २००९ पासून औषधाची ट्रायल सीटीआरआय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदवावी लागते. तिथे किती माणसं घेणार हे लिहिलेलं असतं, कुणालाही बघता येतं. तो आकडा काढा, जाहिरातीतल्या आकड्याशेजारी ठेवा, मग बोलू. आणि कृपा करून खाली 'ताई, पॉझिटिव्ह राहा' लिहू नका.