आदिमानव दिवसभर पळत नव्हता हो!

तो मेसेज परत फिरतोय, की आदिमानव दिवसभर शिकारीमागे पळायचा, कधी बसायचा नाही, आपल्या दुप्पट कॅलरी जाळायचा, आणि चार पायांवरून दोन पायांवर आल्यामुळे माणसाचं चालणंच महागात पडायला लागलं. यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे.

आधी ते दोन पायांचं. २००७ मध्ये पाच चिंपांझींना मास्क लावून ट्रेडमिलवर चालवलं आणि ऑक्सिजन किती लागतो ते मोजलं, तर माणसाला त्यांच्यापेक्षा साधारण ७५ टक्के कमी ऊर्जा लागते असं निघालं, मग चिंपांझी दोन पायांवर चालो की चार. त्याचं कारण सरळ आहे, चिंपांझी उभा राहिला तरी खुबा आणि गुडघा वाकलेलाच, त्यामुळे मांडीचे स्नायू सतत ताणलेले. खोटं वाटत असेल तर गुडघे वाकवून घरात दोन फेऱ्या मारून बघा, मांड्या लगेच भरून येतात.

आता दुप्पट कॅलरी. टांझानियातले हाड्झा लोक आजही शिकार करून, कंद खणून, मध काढून जगतात (ते आदिमानव नाहीत, आपल्यासारखीच आजची माणसं आहेत, पण तसं जगायला किती ऊर्जा लागते ते त्यांच्याकडूनच कळणार ना). हर्मन पॉन्ट्झर या मानववंशशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजून पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासले, त्यावरून शरीराने किती कॅलरी जाळल्या ते कळतं. २०१२ चा निकाल असा, पुरुष रोज ११ किलोमीटरच्या आसपास चालतात तरी दिवसाचा खर्च २६०० कॅलरी, बायकांचा १९००, म्हणजे वजन धरून हिशोब केला तर ऑफिसात बसणाऱ्या अमेरिकन माणसाइतकाच! पॉन्ट्झरचं म्हणणं, हालचाल वाढली की शरीर आतल्या दुसऱ्या कामांवरचा खर्च कमी करतं. मला या मेसेजचा राग येतो तो इथेच, लोक तो वाचून पळायला लागतात, वजन उतरत नाही म्हणून व्यायामच सोडतात, आणि हृदयाला, शुगरला होणारा फायदाही जातो.

हां, चिंपांझीपेक्षा आपण जास्त जाळतो हे खरंय, शरीराचा आकार धरून रोज साधारण ४०० कॅलरी जास्त, पण त्यातला बराच भाग नुसतं बसलं तरी जळतो, मेंदू मोठा आहे ना आपला.

राहिलं बसणं. हाड्झा दिवसाचे जवळपास १० तास बसूनच असतात, फक्त खुर्चीत नाही, बराच वेळ उकिडवे नाहीतर गुडघ्यांवर, त्यात पायांचे स्नायू थोडे का होईना काम करत राहतात. तेव्हा पुढे पाठवायचाच असेल तर निदान ते ‘कधी बसायचा नाही’ एवढं तरी काढून पाठवा.